आवाजाचा आडोसा



रॉक संगीत म्हटलं की आपल्याकडच्या पन्नाशी ओलांडलेल्या माणसाचा हात आपोआप कानाकडे जातो. ढणढणाट, वाढवलेले केस, फाटक्या विजारी, एवढंच आपल्या डोळ्यांसमोर येतं. मीही त्याच वयाचा आहे आणि उधव्यासारख्या गावात राहतो. तलासरी तालुक्यातलं हे गाव. गुजरात आणि दादरा-नगर हवेली, दोन्हीकडच्या सीमा आम्हाला जवळच्या. चहाच्या एकाच टपरीवर मराठी, गुजराती आणि वारली बोली कानावर पडते. अशा ठिकाणी रॉकचं काय काम, असं तुम्ही विचाराल. पण आज मला एका रॉक गाण्याची कुळकथा सांगायची आहे. ते गाणं एका मुलाने आपल्या गेलेल्या बापासाठी रचलं, आणि पोरकं होणं हे काही कुठल्या एका मुलखाचं नसतं.

गाणं अमेरिकेतल्या 'ग्रीन डे' या वाद्यवृंदाचं. नाव 'वेक मी अप व्हेन सप्टेंबर एंड्स'. मराठीत सांगायचं तर, सप्टेंबर सरला की मला जागं कर. लिहिणारा आणि गाणारा बिली जो आर्मस्ट्राँग. जन्म 1972 चा, म्हणजे जवळपास माझ्याच वयाचा. कॅलिफोर्नियातल्या रोडिओ नावाच्या छोट्या गावात, तेलशुद्धीकरणाच्या कारखान्याशेजारी तो वाढला. सहा भावंडांत सर्वांत धाकटा. वडील अँड्र्यू ट्रक चालवायचे आणि जाझ वाजवायचे. आई हॉटेलात गिऱ्हाइकांना वाढायचं काम करायची. 1982 च्या सप्टेंबरात वडील अन्ननलिकेच्या कर्करोगाने गेले. पोरगा दहा वर्षांचा. अंत्यविधीच्या दिवशी तो पळत घरी आला आणि खोलीत कडी लावून बसला. आईने दार वाजवलं तेव्हा आतून तो जे बोलला, तेच पुढे गाण्याचं नाव झालं, अशी हकिगत सांगितली जाते.

पुढे म्हणजे किती पुढे? गाणं आलं 2004 साली, 'अमेरिकन इडियट' या ध्वनिमुद्रिकेत. मधे बावीस वर्षं गेली. या बावीस वर्षांत त्याने मित्रांबरोबर वाद्यवृंद काढला, 1994 साली 'डूकी' नावाची ध्वनिमुद्रिका आली आणि तो जगभर गाजला. शेकडो गाणी झाली. पण बापाच्या मरणाबद्दल असं थेट बोलायला त्याला बत्तीस वर्षांचं व्हावं लागलं.

गाण्याची बांधणी ऐकण्यासारखी आहे. सुरुवातीला एकटी साधी गिटार आणि एकटा आवाज. जणू खोलीत कुणीतरी स्वतःशीच गुणगुणतं आहे. मग ढोल येतो, विजेवरच्या गिटारी येतात आणि सगळं भरून वाहू लागतं. शब्दांत मात्र मोठा आक्रोश नाही. ऋतू बदलतात, पाऊस येतो, आणि माणूस वर्षं मोजतो. आधी सात वर्षं, मग वीस. बापाचं नाव येत नाही, रोगाचं येत नाही, कबरीचंही येत नाही. नाव येतं ते फक्त एका महिन्याचं.

आणि इथूनच या गाण्याचा खरा इतिहास सुरू होतो. बापाचा उल्लेख ओझरताच असल्यामुळे ज्याने त्याने आपलं दुःख त्यात ठेवलं. न्यूयॉर्कच्या जुळ्या मनोऱ्यांवर 11 सप्टेंबर 2001 ला हल्ला झाला होता, म्हणून अनेकांना हे गाणं त्या दिवसाचंच वाटलं. 2005 साली त्याची चित्रफीत आली, ती दिग्दर्शक सॅम्युएल बायर यांनी इराकच्या युद्धावर जाणाऱ्या एका तरुणाची गोष्ट म्हणून रचली. त्याच वर्षी ऑगस्टच्या शेवटी कॅटरिना वादळाने न्यू ऑर्लिन्स शहर बुडवलं, तेव्हा कुणीतरी दूरचित्रवाणीवरची पुराची दृश्यं या गाण्याला जोडली आणि ती इंटरनेटवर पसरली. एका घरातलं मरण सबंध देशाचं झालं. आता दर वर्षी सप्टेंबर संपला की थट्टेखोर मंडळी इंटरनेटवर लिहितात, अरे, त्याला उठवा रे कुणीतरी. थट्टा करणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असेल की हे दहा वर्षांच्या पोराचं बंद दाराआडचं बोलणं आहे?

आपल्याला यात नवल वाटू नये. भाद्रपदाचा वद्य पक्ष आपण पितरांसाठी राखून ठेवला, आणि तोही बहुतेक सप्टेंबरातच येतो. मरणाचे दिवस मोजायची रीत सगळ्यांकडे आहे. हिंदू घरात दहावा, तेरावा, मग वर्षश्राद्ध. आमच्यात तिसऱ्या दिवशी जियारत, चाळिसाव्याला फातेहा. विधवेने इद्दतीत बसायचं ते चार महिने दहा दिवस. प्रत्येकाचा हिशेब ठरलेला. पण मूल किती दिवस दुःख करील, याचा आकडा कुठल्याच पोथीत वा किताबात मी वाचलेला नाही. मोठी माणसं सुतक फेडून कामाला लागतात. मुलाचं सुतक आत चालूच राहतं. बिली जोने आपल्या मोजणीसाठी एक अख्खा महिना घेतला, एवढंच.

रॉक संगीताच्या घराण्यात हा पहिला मुलगा नव्हे. इंग्लंडमधल्या लिव्हरपूलला 31 ऑक्टोबर 1956 रोजी मेरी मॅकार्टनी नावाची एक परिचारिका स्तनांच्या कर्करोगाने वारली. तिचा मुलगा पॉल चौदा वर्षांचा होता. त्याच शहरात 15 जुलै 1958 रोजी ज्युलिया लेनन नावाची बाई रस्ता ओलांडताना मोटारीखाली सापडली. मोटार चालवत होता एक पोलिस, त्या वेळी कामावर नसलेला. तिचा मुलगा जॉन सतरा वर्षांचा होता. ही दोन पोरं आधीच एकमेकांना भेटली होती, गाणी बांधू लागली होती. आता त्यांच्यात आणखी एक नातं झालं. आई नसणं म्हणजे काय, हे एकाला दुसऱ्याला समजावून सांगायची गरज उरली नाही. बीटल्सचा इतिहास लिहिणारे पैशांबद्दल, भांडणांबद्दल पुष्कळ लिहितात. मला वाटतं, त्या मैत्रीच्या पायात या दोन बायकांचं मरण होतं.

दोघांनीही गाणी लिहायला वेळ घेतला. 1968 साली बीटल्स महर्षी महेश योगींच्या आश्रमात ऋषिकेशला आले होते. तिथे गंगेच्या काठी जॉनच्या मनात आईवरचं गाणं आकाराला येऊ लागलं, आणि त्याच वर्षी ते 'ज्युलिया' या नावाने निघालं. पॉलच्या स्वप्नात त्याच सुमारास त्याची आई आली आणि तिने त्याला धीर दिला. त्या स्वप्नातून 'लेट इट बी' हे गाणं झालं, ते 1970 साली लोकांसमोर आलं. गाण्यात आईचं नाव मेरी असं येतं, म्हणून कित्येक ख्रिस्ती श्रोत्यांनी ते येशूच्या आईचं स्तोत्र समजून स्वीकारलं. लिव्हरपूलच्या एका परिचारिकेची अशी माउली झाली.

जॉनचं दुःख मात्र अशा शांत वाटेने जाणारं नव्हतं. 1970 च्या डिसेंबरात त्याची स्वतंत्र ध्वनिमुद्रिका आली. तिचं पहिलंच गाणं 'मदर'. चर्चच्या घंटेच्या संथ टोल्यांनी ते सुरू होतं आणि शेवटी गाणारा अक्षरशः किंचाळत राहतो. त्याने त्याच वर्षी आर्थर जॅनोव्ह या मानसोपचारतज्ज्ञाकडे उपचार घेतले होते. बालपणी दाबलेलं रडू मोकळं करायचं, अशी ती पद्धत. या गाण्यात एक गोष्ट वेगळी आहे. आई मरण पावलेली, पण बाप तेव्हा जिवंत होता. दर्यावर्दी माणूस, मुलाला लहानपणीच सोडून गेलेला. जॉन दोघांनाही एकाच गाण्यात हाका मारतो. आईबाप हरवण्याच्या दोन तऱ्हा असतात, मरणाने आणि दुराव्याने, आणि मुलाच्या लेखी दोन्हींचा निरोप राहूनच गेलेला असतो.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. एवढं कोवळं दुःख सांगायला एवढा गोंगाट कशाला? उत्तर मला परदेशात नाही, आपल्या जात्यापाशी सापडलं. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ या अभ्यासकांनी आपल्या सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यात गेलेल्या आईबापांवरच्या ओव्या आहेत. सासुरवाशीण दिवसा सासरी आईसाठी रडू शकत नव्हती. पहाटे जातं घरघरू लागलं की तिला मोकळीक मिळे. दगडावर दगड फिरतो आहे, पीठ पडतं आहे, घर झोपलेलं आहे, आणि त्या घरघरीआड ती आईला साद घालते आहे. आवाज म्हणजे तिचा आडोसा. विजेवरच्या गिटारीचं काम मला तसंच वाटतं. मर्दाने रडू नये असं ज्या पोरांना शिकवलं, त्यांना रडायला जागा हवी होती. ती त्यांनी आवाजाच्या भिंतीआड करून घेतली.

आमच्या उर्दूत या दुःखाला जुनी बैठक आहे. इ.स. 680 मध्ये करबलाच्या मैदानात जे घडलं, त्याचा शोक मर्सियाने शतकानुशतकं वाहिला. पण स्वतःच्या आईसाठी, एका साध्या घरगुती बाईसाठी, दीर्घ शोककविता लिहिली ती इक्बाल यांनी. 1914 साली सियालकोटला त्यांची आई इमाम बीबी वारली. युरोपात शिकून आलेला, तत्त्वज्ञानाचा पंडित असलेला हा माणूस त्या कवितेत पुन्हा आईचं लहान मूल होतो. मुंबईत राहिलेले आणि 2016 साली गेलेले निदा फाजली यांची वडिलांच्या मृत्यूवरची कविता तर मुशायऱ्यांतून घरोघर पोचली. त्यांचं कुटुंब पाकिस्तानात गेलं, ते एकटे इथे राहिले. बापाच्या कबरीपर्यंत जाण्याच्या वाटेवर सरहद्द उभी. मग कवी म्हणतो ते थोडक्यात असं, की तुम्ही तिकडे मातीत नाहीच, माझ्यात आहात.

मराठीतही कवी यशवंत आणि माधव जूलियन यांच्या आईवरच्या कविता आपल्याला पाठ आहेत. जूलियन यांची कविता लता मंगेशकरांनी गायली. ती ऐकताना मला नेहमी एक तारीख आठवते, 24 एप्रिल 1942. त्या दिवशी मास्टर दीनानाथ गेले. लता बारा वर्षांची होती, पाच भावंडांत थोरली. त्याच वर्षी तिला कामासाठी चित्रपटाच्या कॅमेऱ्यापुढे उभं राहावं लागलं. रडायला तिला किती दिवस मिळाले असतील?

माझं स्वतःचं सांगायचं तर माझे अब्बा 1984 साली गेले, मी तेव्हा तेरा वर्षांचा होतो. ते एका गवताच्या वखारीत हिशेब लिहायचे. आमच्या भागातलं गवत तेव्हा गाठी बांधून मुंबईच्या तबेल्यांना जायचं. अब्बांचं अक्षर सुरेख, आणि अंगाला सदा सुक्या गवताचा वास. घरात जमलेल्या माणसांनी माझ्या पाठीवर हात ठेवून सांगितलं, आता तू घरातला मोठा. मी मान हलवली. पुढे मी बी.ए. झालो, कविता लिहू लागलो, लोकांनी त्या छापल्या. पावसावर लिहिलं, दंगलींवर लिहिलं, तारप्यावर लिहिलं. अब्बांवर अनेक वर्षं एक ओळ आली नाही. सुक्या गवताचा वास मात्र कवितेत कुठूनही शिरायचा. तो वास कुणाचा, हे वाचणाऱ्यांना कळायचं कारण नव्हतं.

म्हणून मला आमच्या तालुक्यातल्या एका मुलाची गोष्ट फार जवळची वाटते. त्याचं नाव तुम्ही ऐकलेलं आहे. जिव्या सोमा म्हसे. जन्म 1934 चा, तलासरी तालुक्यातल्या धामणगावचा. सात वर्षांचा असताना त्याची आई गेली, आणि पोरगं बोलायचंच थांबलं. त्याला जे सांगायचं असे, ते तो धुळीत बोटाने रेघा ओढून सांगू लागला. पुढे ते डहाणू तालुक्यात कलंबीपाड्याला राहायला गेले. रेघा भिंतीवर आल्या, मग कागदावर आणि कापडावर आल्या.

यातली मोठी गोष्ट बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. वारली चित्रं काढणं हे परंपरेने बायकांचं काम. लग्नघरात सवाशिणी तांदळाच्या पिठाने चौक लिहितात, धवलेरी गाणी म्हणते, आणि चौकाच्या मधोमध असते पालघट, म्हणजे सृष्टीची आई. आईविना पोरक्या झालेल्या मुलाने बायकांच्या या कलेत प्रवेश केला. लग्नकार्यापुरतं न लिहिता तो रोज लिहू लागला. त्या चौकातल्या आईपर्यंत त्याला त्याची आईच घेऊन गेली असेल का? हा माझा, एका कवीचा, अंदाज आहे.

सत्तरच्या दशकात भास्कर कुलकर्णी यांनी या चित्रांकडे शहराचं लक्ष वेधलं. 1976 साली म्हसे यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. 1989 साली पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात त्यांची चित्रं लागली. 2011 साली पद्मश्री मिळाली. 15 मे 2018 रोजी ते गेले. त्यांच्या चित्रात कुणी स्वस्थ बसलेलं नसतं. माणसं, मुंग्या, झाडं, मासेमारीची जाळी, सगळं हलतं आहे, फिरतं आहे. तारपा वाजवणाऱ्याभोवती नाचणाऱ्यांची रांग वळत वळत जाते, आणि तिचं शेवटचं टोक कुठे हे शोधावं लागतं. रोडिओचं पोरगं खोलीत कोंडून घेतं, धामणगावचं पोरगं मुकं होतं. एकाला गिटार सापडते, दुसऱ्याला धूळ. दोघांचीही नंतरची गर्दी आणि गजबज त्या पहिल्या शांततेतून निघालेली आहे.

श्रोतेहो, हा इतिहास मी आज का सांगतो आहे, ते आता सांगतो. 2020 आणि 2021 साली कोरोनाने आपल्याकडची हजारो मुलं पोरकी केली. त्यातल्या पुष्कळांना आईबापाचं तोंड शेवटचं पाहता आलं नाही. खांदा देता आला नाही, गुस्ल देता आला नाही, घरी चार माणसं जमली नाहीत. अंत्यविधीतून पळून येऊन खोलीची कडी लावायची, तर आधी अंत्यविधी तरी व्हायला हवा. दोन्ही पालक गमावलेल्या मुलांसाठी राज्य सरकारने 5 लाख रुपयांच्या मुदत ठेवीची योजना केली. केंद्राच्या योजनेत मूल 23 वर्षांचं झाल्यावर 10 लाख रुपये मिळायचे आहेत. हे चांगलंच झालं, पैशांवाचून मूल उभं राहत नाही. पण एक ठेव त्या मुलांच्या आतही ठेवली गेली आहे. तिची मुदत कुणी ठरवलेली नाही आणि ती कधी पिकेल हे कुठल्याही बँकेला सांगता येणार नाही.

बिली जोला बावीस वर्षं लागली. जॉन लेननला 'मदर'पर्यंत पोचायला बारा वर्षं. तेव्हा दहा वर्षांची असलेली आपली मुलं आता कुठे पंधरा-सोळा वर्षांची होत आहेत. आमच्या भागातली काही वापी, उंबरगाव, भिलाडच्या कारखान्यांत जायच्या वयाला येतील. काही कानात ते बोंडलं घालून दिवसभर गाणी ऐकतील, काही लग्नाच्या वरातीत डीजेपुढे भान विसरून नाचतील, काही गप्पच राहतील. आपण त्यांना म्हणू, काय हा धांगडधिंगा, किंवा म्हणू, याला काही वाटतच नाही वाटतं.

तसं म्हणायची घाई करू नये. या मुलांपैकी एखादं 2040 च्या आसपास कधीतरी गिटार घेईल, तारपा घेईल, नाहीतर साधा कागद पुढे ओढील, आणि एका महिन्याचं नाव लिहील. एप्रिल लिहील किंवा मे. त्या एका शब्दात कोणतं घर आहे, कोणाची खाट आहे, कोणता न लागलेला फोन आहे, हे ते उलगडून सांगेलच असं नाही. तोपर्यंत दाराबाहेर बसायला कुणीतरी हवं. दार सारखं ठोठावायचं नाही, पण उठूनही जायचं नाही. आतली कडी निघाल्याचा आवाज फार बारीक असतो. तो ऐकायला माणूस जागं लागतं.